खर्च त्याचा, बंदी तिच्यावर: डान्स बारच्या सतरा वर्षांचं प्रकरण

डान्स बारबंदीचा विषय निघाला की गप्पा ठरलेल्या दोन वाटांनी जातात, एकाच्या मते संस्कृती बुडत होती आणि दुसऱ्याच्या मते ज्याला जे करायचं ते करू दे. मधल्या मधे जी बाई रोज संध्याकाळी मेकअप करून कामावर जायची तिच्या कमाईचं पुढे काय झालं, ते राहूनच जातं. म्हणून हे अख्खं प्रकरण मी फक्त पैशाच्या बाजूने लिहितोय. नाच चांगला की वाईट, बार असावेत की नसावेत, हे ज्याचं त्याने ठरवा. माझा प्रश्न एवढाच आहे की सज्ञान माणसाला "तुझ्याच भल्यासाठी" म्हणून कमवायला बंदी करता येते का, आणि केली तर होतं काय. हे बघायला आपल्या महाराष्ट्राएवढं चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही, कारण इथे हा खेळ २००५ ते २०२२ असा चालला आणि प्रत्येक टप्प्याला कोर्टात कागद साठत गेले.

आधी काम काय होतं ते. परमिट रूम किंवा बिअर बार, त्यात एक डान्स फ्लोअर, हिंदी गाणी, आणि साडी नाहीतर घागरा-चोळी घालून नाचणाऱ्या बायका. पगार बहुतेक ठिकाणी नव्हताच. गिऱ्हाईक नोटा उधळायचं, बारची पोरं त्या गोळा करायची, रात्री शेवटी मोजणी व्हायची आणि मालक आणि डान्सर यांच्यात ठरल्या हिश्शाने वाटणी. याला त्या बायका कलेक्शन म्हणायच्या. आता यात फार नवीन काही नाही हे मराठी माणसाला सांगायला नको, संगीतबारीत दौलतजादा चालतो तो दुसरं काय असतो? आपण लावणीला लोककला म्हणतो, सरकार तिचे महोत्सव भरवतं, आणि चांगलंच आहे ते. पण गाणं हिंदी सिनेमातलं झालं आणि समोर बिअरची बाटली आली की तोच पैसा एकदम घाण कसा होतो हे मला आजतागायत कळलेलं नाही.

या कामात येणाऱ्या बायका कोण होत्या यावर अंदाज खूप झाले, पण प्रत्यक्ष जाऊन विचारणारे थोडे. एसएनडीटी विद्यापीठाचं महिला अभ्यास केंद्र आणि फोरम अगेन्स्ट ऑप्रेशन ऑफ विमेन यांनी २००५ मध्ये ५० बारमधल्या ५०० डान्सर्सशी बोलून अभ्यास केला, तो नंतर कोर्टातही गेला. त्यातून आणि एकूण सुनावणीतून जे चित्र समोर आलं ते साधं होतं. काही जणी बेडिया, नट अशा पिढीजात नाचगाण्यावर जगणाऱ्या समाजातल्या, काही आधी घरकाम किंवा कारखान्यात तुटपुंज्या पैशावर राबून आलेल्या, आणि कित्येकींच्या कमाईवर अख्खं घर चालायचं. लिहिता-वाचता फारसं येत नाही, कुणाची ओळख नाही, अशा बाईला या शहरात यापेक्षा जास्त पैसे देणारं कायदेशीर काम दुसरं नव्हतं. हा कायदेशीर शब्द लक्षात ठेवा, कारण या बारना रीतसर परफॉर्मन्स लायसन्स मिळायचं, तेही ज्या १९६० च्या नियमांखाली मेळे आणि तमाशे येतात त्याच नियमांखाली. म्हणजे सरकारनेच परवानगी दिलेली, फी घेतलेली.

मग ३० मार्च २००५. विधानसभेत रायगड जिल्ह्यातल्या डान्स बारचा प्रश्न आला आणि गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी बंदीची घोषणा केली, आधी मुंबई सोडून बाकीच्या ठिकाणी, मग थोड्याच दिवसात सगळीकडेच. आबांच्या हेतूवर मला शंका नाही, हे मुद्दाम लिहितो. ग्रामस्वच्छता अभियान उभं करणारा माणूस होता, घरं उद्ध्वस्त झाल्याच्या तक्रारी त्यांच्यापर्यंत खरोखर येत असणार आणि त्यांना ते मनापासून लागलं असणार. पण तक्रार काय होती ती नीट बघा ना. तक्रार अशी की गावाकडची, पनवेल-उरणकडची पोरं जमिनीचे पैसे घेऊन बारमध्ये जातात आणि उडवतात. म्हणजे प्रॉब्लेम पैसे उडवणाऱ्या पुरुषाचा. त्यावर उपाय काय केला, तर पैसे कमावणाऱ्या बाईचं काम बंद. त्या पुरुषाला बारमध्ये जायला बंदी नाही, प्यायला बंदी नाही, त्याच बारमधली दारू दुसऱ्या दिवशीही चालू आणि त्यावरचा महसूलही चालू. बारमध्ये ज्या तीन गोष्टी विकल्या जात होत्या, दारू, खाणं आणि नाच, त्यातली फक्त ती एक गोष्ट काढली जिचा पैसा बाईकडे जात होता.

सरकारने आधी वटहुकूम काढायचा प्रयत्न केला, राज्यपाल एस. एम. कृष्णा यांनी सही न करता तो परत पाठवला, विधिमंडळात आणा म्हणाले. मग जुलैमध्ये विधेयक आलं आणि एकमताने पास झालं. एकमताने! एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष इथे एक झाले, कारण डान्स बारच्या बाजूने बोलून मतं जातात, मिळत नाहीत. ऑगस्टच्या मध्याला, म्हणजे बरोब्बर स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर, कायदा लागू.

मुंबई पोलीस अधिनियम १९५१ मध्ये दोन कलमं घातली गेली, ३३ए आणि ३३बी, आणि या प्रकरणातली सगळी मेख या दोन कलमांमध्ये आहे. ३३ए म्हणतं खानावळ, परमिट रूम, बिअर बार यांच्यात कुठल्याही प्रकारचा नाच बंद. ३३बी लगेच खाली म्हणतं की हे नाट्यगृहांना लागू नाही, सभासदांच्या क्लब आणि जिमखान्यांना लागू नाही, आणि तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना लागू नाही. म्हणजे नाच तोच, गाणं तेच, कपडे कदाचित तिकडे कमीच, पण गिऱ्हाईकाचं बिल मोठं असेल तर तो नाच चालेल. बाईच्या प्रतिष्ठेचं रक्षण करायला निघालेला कायदा तिसऱ्या ताऱ्यापाशी थांबला. बरं, ३३ए मध्ये एक बारीक सोय होती जी कुणी वाचत नाही. ज्याचं लायसन्स रद्द झालं त्याला उरलेल्या मुदतीची फी हिशोबाने परत मागता येत होती. मालकाच्या फीचा विचार कायद्यात होता. ज्या बाईच्या भल्यासाठी कायदा केला तिच्या पुढच्या महिन्याच्या खोलीभाड्याचा कायद्यात एक शब्द नाही. पुनर्वसनाच्या गोष्टी भाषणात झाल्या, कलमात नाही आल्या.

मुंबई उच्च न्यायालयात याचिका गेल्या, बारमालकांची संघटना, बारमधल्या बायकांची युनियन, महिला संघटना असे सगळे. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी की सगळ्या महिला संघटना एका बाजूला नव्हत्या, काही जणी बंदीच्या बाजूनेही उभ्या राहिल्या आणि त्यांची कारणं उथळ नव्हती, त्यावर पुढे येतोच. १२ एप्रिल २००६ ला न्या. रेबेलो आणि न्या. रोशन दळवी यांनी बंदी घटनाबाह्य ठरवली. दोन आधार होते. एक कलम १४, समानता, म्हणजे तीन तारा आणि बिअर बार हा भेद कशावर? आणि दुसरं १९(१)(छ), व्यवसाय करायचं स्वातंत्र्य. या दुसऱ्यावर सरकारला वाजवी निर्बंध घालता येतात, सार्वजनिक हितासाठी, पण निर्बंध घालणं वेगळं आणि कामच बंद करणं वेगळं.

आता कुणी म्हणेल जिंकल्या की बायका. नाही, इथेच खरी गंमत आहे, गंमत कसली म्हणा. निकालाला स्थगिती मिळाली, सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, आणि अंतिम निकाल आला १६ जुलै २०१३ ला. म्हणजे २००६ मध्ये घटनाबाह्य ठरलेली बंदी त्यानंतर सात वर्षं जशीच्या तशी चालू राहिली. वकिलांसाठी सात वर्षं म्हणजे तारखा. पण नाचण्याच्या कामाचं वय किती असतं? विशीत सुरू होतं, तिशीत उतरायला लागतं. २००५ ला चोवीस-पंचवीस वर्षांची असलेली बाई २०१३ ला जिंकली तेव्हा तिचं कमवायचं वय निघून गेलेलं. क्रिकेटरला आठ वर्षं बॅन केलं आणि मग सांगितलं की बॅन चुकीचा होता, आता खेळ, असं झालं हे. कमाईवरच्या बंदीची किंमत मोजताना हे आपण विसरतो. मालकाने तोवर बारचं रेस्टॉरंट केलं, ऑर्केस्ट्रा केला, जागा त्याचीच होती. तिच्याकडे जागा नव्हती, वय होतं, आणि ते परत मिळत नाही.

२०१३ च्या निकालात न्या. अल्तमास कबीर आणि न्या. निज्जर यांनी दोन गोष्टी स्पष्ट केल्या. पहिली वर्गाची. श्रीमंत बघतो तेव्हा नाच म्हणजे करमणूक आणि गरीब बघतो तेव्हा अधःपात, ही समजूतच कोर्टाने उडवून लावली. दुसरी परिणामाची. निकालात पंचाहत्तर हजारांवर बायका बेरोजगार झाल्याचा आकडा आहे, आणि त्यातल्या कित्येकींना पोटासाठी वेश्याव्यवसायाकडे वळावं लागलं हेही आहे. ज्या गोष्टीपासून वाचवायचं म्हणून बंदी केली, बंदीने त्याच गोष्टीत ढकललं. कोर्टाने म्हटलं बंदीपेक्षा या बायकांची सुरक्षा आणि कामाची परिस्थिती सुधारायचे उपाय करा. साधं वाक्य आहे, आठ वर्षांपूर्वी कुठल्याही डान्सरने फुकटात सांगितलं असतं, पण विधेयक करताना त्यांना विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं.

यानंतरची सरकारची वागणूक बघितली की आधीचा चांगल्या हेतूचा मुद्दा जरा सैल पडतो. जून २०१४ मध्ये नवीन कायदा, पुन्हा बंदी, यावेळी तीन तारांकितची सूट काढून टाकली, घ्या तुमची समानता! ऑक्टोबर २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यालाही स्थगिती दिली. मग एप्रिल २०१६ मध्ये तिसरा प्रयत्न, आता थेट बंदी नाही पण इतक्या अटी की बंदीच. कायद्याचं नावच बघा, हॉटेल-बारमधल्या अश्लील नृत्याला प्रतिबंध आणि तिथे काम करणाऱ्या महिलांच्या प्रतिष्ठेचं संरक्षण. अटी अशा: शाळा आणि देवळापासून एक किलोमीटर लांब (मुंबईत नकाशा काढून बसा, अशी जागा समुद्रातच मिळेल), नाच होतो तिथे दारू द्यायची नाही, आत सीसीटीव्ही, वेळ संध्याकाळी सहा ते रात्री साडेअकरा, मालकाचं चारित्र्य चांगलं हवं, आणि नोटा उधळणं हा गुन्हा.

या शेवटच्या अटीवर जरा थांबतो कारण पैशाचा सगळा मुद्दा तिथे उघडा पडतो. नोटा उधळू नका म्हटलं असतं तर मी सरकारच्या बाजूने असतो. अंगावर नोटा फेकणं हे अपमानाचं आहे असं बऱ्याच जणांना वाटतं ते एक, पण व्यवहाराच्या बाजूनेही, जमिनीवर पडलेल्या नोटा गोळा दुसराच कुणी करतो, मोजतो दुसराच, तिला खरा आकडा कळतोच असं नाही. हातात दिलेली टिप तिची स्वतःची असते, समोरासमोर मोजलेली. पण त्या कलमात नुसतं उधळणं नव्हतं, डान्सरच्या हातात पैसे देणं पण गुन्हा केलं होतं. म्हणजे प्रतिष्ठेचं संरक्षण असं की तू नाच, लोक बघू देत, पण खूश होऊन कुणी शंभराची नोट हातावर ठेवली तर पोलीस. वेटरला टिप चालते, केस कापणाऱ्याला चालते, हिला नाही. ज्या कामात मोठा भाग टिपचा आहे त्यात टिप बंद करणं म्हणजे काम चालू ठेवून कमाई बंद करणं.

१७ जानेवारी २०१९ ला न्या. सिक्री आणि न्या. अशोक भूषण यांनी यातल्या बऱ्याच अटी काढल्या. एक किलोमीटर गेला, सीसीटीव्ही गेला, दारू आणि नाच वेगवेगळे ठेवायची अट गेली, चारित्र्य गेलं. उधळणं बंद राहिलं पण टिप द्यायला मोकळीक मिळाली. वेळेची अट राहिली. आणि मला या निकालातली सगळ्यात आवडलेली बारीक गोष्ट म्हणजे लेखी करार आणि पैसे बँकेत जमा करायची अट कोर्टाने ठेवली, पण महिन्याच्या पगारावरच ठेवा ही सक्ती काढली. का, तर एखादीला एकापेक्षा जास्त ठिकाणी काम करायचं असेल, परफॉर्मन्सप्रमाणे पैसे घ्यायचे असतील, तर तिला एका मालकाला का बांधायचं? पहिल्यांदाच कुणीतरी त्या बाईकडे स्वतःचा हिशोब स्वतः करणारी म्हणून बघितलं. वर कोर्टाने हेही नोंदवलं की इतक्या वर्षांत सरकारने एकही लायसन्स दिलेलं नाही. 

आता बंदीच्या बाजूचं बोलू, कारण नुसतं सरकारला झोडून प्रकरण पूर्ण होत नाही.

पहिला युक्तिवाद असा की गरिबीत केलेली निवड ही निवडच नसते, तर स्वातंत्र्य कसलं. यात तथ्य आहे आणि मी ते हसण्यावारी नेणार नाही. पण हा युक्तिवाद पूर्ण चालवून बघा. ऊसतोड करणारी बाई, गटार साफ करणारा, बारा तास उभा राहणारा सिक्युरिटीवाला, यांनी कुठे ऐच्छिक विषय निवडलाय? तिथे आपण मजुरी वाढवा म्हणतो, हातमोजे द्या म्हणतो, काम बंद करून त्यांना घरी पाठवा असं कुणी म्हणत नाही. समोर चार वाईट पर्याय असताना त्यातला सगळ्यात जास्त पैशाचा काढून घेतला की उरलेले तीन चांगले होत नाहीत, माणूस फक्त त्यातल्याच एकात जातो.

दुसरा, मुली विकून आणल्या जातात, अल्पवयीन असतात. तिथे माझं मत सरळ आहे, एकही अल्पवयीन मुलगी तिथे सापडली तर मालक आत गेला पाहिजे, आणि त्यासाठी १९५६ पासून पिटा, म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा आहे, बाकी कलमं आहेत, धाड घालायचे अधिकार आहेत. पण २००५ च्या कायद्याने सोळा वर्षांची आणि बत्तीस वर्षांची यांच्यात फरकच केला नाही. सोळाच्या मुलीला वाचवायला बत्तीसच्या बाईला पण लहान मुलगी धरलं. आपल्याकडे ही जुनीच खोड आहे, महाराष्ट्रात पंचवीस पूर्ण झाल्याशिवाय व्हिस्की पिता येत नाही, आमदारकीसाठी मत द्यायला लागून तोवर सात वर्षं झालेली असतात.

तिसरा युक्तिवाद मला सगळ्यात वजनदार वाटतो, तो म्हणजे गिऱ्हाईकाच्या घरच्या बायकोचा. तिचे दागिने गेले, जमिनीचे पैसे गेले, तिने काय करायचं? खरं सांगतो याला माझ्याकडे गुळगुळीत उत्तर नाही. पण मग निदान खरं बोला. मग म्हणा की एका घरातल्या बाईला वाचवायला आम्ही दुसऱ्या घरातल्या बाईची कमाई बंद करतोय. तसं म्हटलं असतं तर लगेच पुढचा प्रश्न आला असता की मग तिला भरपाई काय. पण तिच्याच भल्यासाठी करतोय म्हटलं की भरपाईचा प्रश्नच उडतो, उलट तिनेच आभार मानायचे. भल्याच्या भाषेचा हा फायदा आहे, बिल कुणाला द्यायचं हे विचारावं लागत नाही.

हे काही एकट्या डान्स बारचं नाही. दिल्लीत पंजाब अबकारी कायदा १९१४ चं कलम ३० होतं, जिथे लोक दारू पितात तिथे कुठल्याही वयाच्या बाईला आणि पंचवीसच्या खालच्या पुरुषाला नोकरी नाही. म्हणजे हॉटेल मॅनेजमेंट शिकलेली मुलगी, हातात डिग्री, पण बारमध्ये काम नाही, कारण तिथे असुरक्षित आहे. डिसेंबर २००७ मध्ये अनुज गर्ग प्रकरणात सुप्रीम कोर्टाने ते कलम काढलं आणि म्हटलं की धोका आहे म्हणून बाईचं स्वातंत्र्य कापू नका, तिला बळ द्या. धोका करणाऱ्याला आवरणं हे सरकारचं काम, ते जमत नाही म्हणून जिला धोका आहे तिला घरी बसवायचं हे उलटं झालं. कारखाना कायदा १९४८ मध्ये पण बायकांना संध्याकाळी सात ते सकाळी सहा काम नाही असं कलम होतं, आणि त्याच काळात दवाखान्यात नर्सेस रात्रभर उभ्या, त्यांच्या रात्रीची काळजी कुणाला वाटली नाही, कारण त्यांच्याशिवाय चालतच नव्हतं. सिनेमाच्या मेकअपचं तर सगळ्यात उघड होतं, बायकांनी हेअर ड्रेसर व्हायचं पण मेकअप आर्टिस्ट नाही, तिथल्या युनियनने कारणच असं दिलं की मग पुरुषांचं पोट कसं भरणार! २०१४ मध्ये कोर्टाने ते मोडलं. निदान त्यांनी संरक्षण-बिंरक्षण म्हटलं नाही, सरळ पैशाचं बोलले.

माझं स्वतःचं माप एकच झालंय आता. असा कुठलाही नियम आला की मी बघतो तो लागू झाल्यावर ज्याचं भलं करायचंय त्याच्या हातात महिन्याअखेर जास्त पैसे येणार की कमी, आणि मालकाशी भांडायची त्याची ताकद वाढणार की घटणार. लेखी करार आणि बँकेत पैसे, ताकद वाढते, ठेवा. टिप बंद, घटते, काढा. साडेअकराला बंद, इथे मी जरा अडतो, कमाईचे तास जातात हे खरं पण उशिरा घरी जायचा त्रास पण खरा, आणि हे त्या बायकांना विचारून ठरवता आलं असतं.

बंदीच्या काळात काय झालं तर नाच गेला नाही, त्याचं नाव बदललं. ऑर्केस्ट्रा बार आले. त्याच बायका आता कागदावर गायिका किंवा वेट्रेस. पूर्वी नाच कायदेशीर होता तेव्हा कलेक्शनमध्ये मालकाने गडबड केली तर ती निदान आरडाओरडा करू शकत होती, युनियन होती, दुसऱ्या बारमध्ये जाऊ शकत होती. आता ती जे करते तेच बेकायदा, तर तक्रार कुणाकडे करणार? हिस्सा मालक ठरवणार, हप्ता पोलीस ठरवणार, आणि धाड पडली की तोंडावर ओढणी घेऊन टीव्हीवर हीच दिसणार.

डिसेंबर २०२१ मध्ये अंधेरीतल्या एका बारवर धाड पडली. आत बायका दिसेनात. बाथरूम, स्टोअर, किचन सगळं बघून झालं, तासन् तास शोध चालला. शेवटी मेकअप रूममधल्या मोठ्या आरशाचा संशय आला, तो फोडला तर मागे चोरखोली आणि त्यात १७ जणी. सज्ञान बायका, भिंतीच्या पोटात, धाड संपेपर्यंत श्वास धरून बसलेल्या. प्रतिष्ठेचं संरक्षण असं नाव असलेला कायदा तेव्हा लागू होता.

अशा ऑर्केस्ट्रा बारच्या लायसन्समध्ये पोलिसांची एक अट होती की स्टेजवर एकूण आठ कलाकार, त्यात बायका चारच आणि पुरुष चार. पाचवी बाई गाऊ शकत नाही, जागा रिकामी राहिली तरी. उच्च न्यायालयाने ही अट चालवून घेतली होती. १८ फेब्रुवारी २०२२ ला, आरशामागच्या त्या १७ जणी सापडल्यानंतर दोनेक महिन्यांनी, सुप्रीम कोर्टाने न्या. के. एम. जोसेफ आणि न्या. रवींद्र भट यांच्यापुढे ती अट रद्द केली, संरक्षणाच्या नावाखाली बाईच्या कामावर मर्यादा घालता येणार नाही म्हणून. आठच्या आठ बायका असल्या तरी चालतील. आठाची एकूण मर्यादा मात्र ठेवली, स्टेजवर किती माणसं असावीत हे लायसन्स देणाऱ्याला ठरवता येतं. त्यामुळे नवव्या बाईने त्या रात्री कुठे उभं राहायचं, हे अजूनही तिचा मालकच सांगतो.